पाणी पावसाळ्यात बघा, दगड हिवाळ्यात

जुलै उजाडला की आमच्या संगमनेरच्या घरी फोन सुरू होतात. ठाण्याच्या वन्सं, पुण्याचे धाकटे भावजी, नाशिकची मावसबहीण, सगळ्यांचा सूर एकच: "यंदा भंडारदरा करूच या. रंधा, अम्ब्रेला फॉल, सांधण, सगळं एका दिवसात उरकू." माझं माहेर अकोले तालुक्यातलं आणि पोटापाण्याचा उद्योग शाळेत भूगोल शिकवण्याचा, त्यामुळे सहलीची आखणी आपसूक माझ्या गळ्यात पडते. माझं उत्तरही ठरलेलं असतं. रंधा धबधबा बघायला आत्ता या, सांधणच्या घळीत नाताळच्या सुट्टीत जाऊ. वन्सं याला "मास्तरीणबाईंचं वेळापत्रक" म्हणतात. म्हणोत बापड्या. वेळापत्रक मी नाही केलेलं, पावसानं केलंय.

धबधबा आणि घळ ही दोन वेगळी ठिकाणं आहेत असं आपण धरून चालतो आणि यादीत एकाखाली एक लिहितो. खरं तर एक काम आहे आणि दुसरी त्या कामाची खूण. काम बघायचं तर पाऊस हवा. खूण बघायची तर पाणी ओसरायला हवं. दोन्ही एका दिवशी बघू म्हटलं की एक तरी हुकतं. पावसाळ्यात सांधणचा हट्ट धरला तर जिवावरच बेततं.

आधी डोंगर समजून घेऊ

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एक थर निवला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. त्यामुळे सह्याद्री म्हणजे भाकरींची उंच चवड आहे. फरक इतकाच, की यातल्या काही भाकरी कडक आहेत आणि काही भुसभुशीत. कडक थराचा उभा कडा होतो. मऊ थराचा उतार होतो आणि त्यावर झाडी वाढते. दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटेसारख्या लाल मातीचा पट्टा दिसतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेली माती वरच्या तापलेल्या लाव्ह्यानं भाजली, तिचा तो पट्टा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे गाडीची काच खाली करून मुलांना तो जरूर दाखवा.

आता यावरून पाणी सोडा. कडक थराच्या कडेवरून ते खाली झेपावतं, सोबत दगडगोटे आणतं आणि पायथ्याशी डोह खणतं. खालचा मऊ थर आतून पोखरला जातो, वरचा कडक थर अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. हजारो वर्षं हेच चालू राहिलं की धबधब्याच्या पुढ्यात उभ्या भिंतींची खोल घळ उरते. रंध्याला धबधब्यावरची नजर काढून खालच्या अंगाला वळवलीत तर प्रवरा अशाच घळीतून जाताना दिसेल. ही घळ नदीनंच कोरलेली आहे. पण तिथे आलेले बहुतेक लोक तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढत असतात.

रंधा: आधी चौकशी, मग गाडी

अकोल्याहून राजूर आणि राजूरहून भंडारदऱ्याच्या वाटेवर रंधा लागतो. प्रवरा इथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे. म्हाताऱ्या माणसांना न्यायला ही जागा चांगली, कारण फार चालावं लागत नाही.

पण जून लागला म्हणजे रंधा सुरू झाला, असं नसतं. वर भंडारदऱ्याचं धरण प्रवरेला अडवून बसलंय. आधी वाकीचा तलाव भरतो, मग कळसूबाईच्या बाजूनं येणारी कृष्णवंती वाहती होते आणि रंध्याला पाणी येतं. तो गर्जायला लागतो मात्र धरण भरून पाणी सोडल्यावर. १५ ऑगस्टच्या आत धरण भरावं अशी अख्ख्या तालुक्याची दरवर्षीची आस असते. म्हणून निघण्याआधी राजूरला किंवा शेंडीला कुणाला तरी फोन लावा आणि विचारा, "वाकी भरलं का? धरणातून किती सोडलंय?" हवामानाच्या ॲपला याचं उत्तर ठाऊक नसतं.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना घेऊन गेले होते. कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि दोन मिनिटांत चष्म्याच्या काचा तुषारांनी भरून गेल्या. पदरानं पुसल्या, पुन्हा भरल्या. शेवटी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "राहू दे गं. याला बघायला डोळे कशाला लागतात? ऐकू येतंय की." पाणी लालसर तपकिरी होतं. ठाण्याहून आलेला भाचा नाक मुरडून म्हणाला, "मामी, हे तर घाण पाणी आहे." मी म्हटलं, घाण नव्हे रे, तो डोंगर चाललाय वाहून. वर घाटघर-रतनवाडीला मोसमात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या संगमनेरला जेमतेम पाचशेच्या आतबाहेर. म्हणजे दोन तासांच्या रस्त्यात पाऊस दहापट वाढतो.

हेच पाणी पुढे निळवंडे धरणात जातं, अकोले-संगमनेर करत ओझरच्या बंधाऱ्याशी येतं आणि तिथून प्रवरेच्या कालव्यांत शिरतं. याच पाण्यावर ऊस उभा राहिला. त्या उसावर १९५० साली लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उरलेलं पाणी प्रवरासंगमला गोदावरीत मिळतं आणि थेट बंगालच्या उपसागरात जातं. धबधबा बघून आल्यावर चहात साखर घालताना मुलांना हे सांगायला हरकत नाही.

अम्ब्रेला फॉलची मात्र थोडक्यात गोष्ट. तो धरणाच्या पायथ्याशी आहे आणि निसर्गाइतकाच माणसाच्या हातातला आहे. मोरीतून पाणी सोडलं की ते गोलसर खडकावरून छत्रीसारखं पसरतं. नाही सोडलं तर कोरडा खडक बघून परत या. धरण मात्र बघण्यासारखं आहे. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. दगडी बांधकामाची ही भिंत २७० फूट उंच आहे आणि शंभर वर्षांचे पावसाळे झेलून आजही पाणी अडवते आहे.

सांधण: पाणी गेल्यावर

शेंडीहून रतनवाडीमार्गे साम्रद. वाटेत रतनवाडीला अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आहे. त्याच्या दगडावरची नक्षी घाईनं बघू नका. साम्रद हे महादेव कोळी आणि ठाकर वस्तीच्या या पट्ट्यातलं टोकाचं गाव. गावापासून थोडं चाललं की सपाट माळात जमीन अचानक फाटल्यासारखी दिसते. तीच सांधण. सुमारे दोन किलोमीटर लांब, दोन्ही अंगांना दोन-तीनशे फुटी भिंती, आणि काही ठिकाणी एवढी अरुंद की दोन्ही हात पसरले तर पंजे टेकतील. अशा घळी खडकातल्या उभ्या भेगेच्या रेषेवर कोरल्या जातात. भेगेत पाणी शिरतं, तिला खोल करत जातं, रुंद करायला मात्र त्याला सवड होत नाही.

आत शिरलं की हवा एकदम गार होते. डिसेंबरातही तळाशी ऊन जेमतेम पोचतं. वाट म्हणजे एकावर एक पडलेल्या धोंड्यांची रास. काही धोंडे खोलीएवढे आहेत. मधे साचलेलं पाणी ओलांडावं लागतं. डिसेंबरात ते कमरेच्या वर असू शकतं, उन्हाळ्याकडे कमी होत जातं. भाच्याला मी तिथे भिंतीजवळ नेलं आणि बोटानं दगड चाचपायला लावला. काळ्या दगडात वाटाण्याएवढी भोकं होती आणि काही भोकांत पांढरे, चमकणारे स्फटिक. लाव्हा निवताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. नंतर मुरत्या पाण्यातल्या खनिजांनी ते भरून निघाले. तो बराच वेळ एकेका भोकात बोट घालून बघत बसला.

मग त्यानं माझ्या मते सगळ्या सहलीतला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला: "मामी, पावसात इथलं पाणी पण तुमच्याकडेच येतं?" नाही. इथे डोंगराची पाठ बदलते. रतनवाडीचा पाऊस पूर्वेला आमच्याकडे येतो, सांधणमध्ये शिरलेला पाऊस पश्चिमेला कोकणात उतरतो. घळीच्या दुसऱ्या टोकाखाली शहापूर तालुका, म्हणजे त्याचाच ठाणे जिल्हा. काही किलोमीटरच्या अंतरावर पडलेल्या दोन सरींपैकी एक बंगालच्या उपसागरात जाते, दुसरी अरबी समुद्रात. वर्गात नकाशावर जलविभाजक शिकवताना माझा घसा कोरडा पडतो, तिथे एका वाक्यात काम झालं.

घरच्या मंडळींनी घळीच्या सुरुवातीचा भाग बघून परत फिरावं. पुढे दोर लावून उतरायचे टप्पे आहेत. ते काम सरावाच्या माणसांचं, सोबत साहित्य आणि जाणकार असेल तरच. गावातला वाटाड्या मात्र पहिल्या पावलापासून घ्या. कुठल्या धोंड्यावर पाय ठेवायचा आणि पाणी कुठे खोल आहे हे त्याला डोळे मिटून माहीत असतं. त्याच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा तयार मिळतो, आणि चार पैसे गावात राहतात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर शुल्क भरा, पावती जपून ठेवा आणि खाऊची पाकिटं जशी नेली तशी परत आणा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी निघोज

सासूबाईंना सांधण जमणार नव्हती, म्हणून त्यांना निघोजला नेलं. पारनेर तालुक्यात, शिरूरपासून जवळ, कुकडीच्या पात्रात मळगंगेच्या देवळाशी हे रांजणखळगे आहेत. खडकातल्या लहानशा खोलगटीत एखादा गोटा अडकतो, भोवऱ्यात गरगर फिरतो, खडकही झिजतो आणि गोटाही. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की माणूस बुडेल एवढा रांजण तयार होतो. शेजारचे दोन रांजण फुटून एक झाले, पुढचे चार जोडले गेले, की नदीची अरुंद घळ झालीच समजा. काठावर उभं राहून हे सारं दिसतं. पात्रात पाणी कमी असेल तेव्हा जा. कालव्यांसाठी धरणांतून पाणी सोडलेलं असेल तर काठापासून लांबच राहा. खळग्यांचे काठ गुळगुळीत असतात आणि आतली खोली वरून कळत नाही.

जिवापेक्षा धबधबा मोठा नाही

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. प्रवाहाच्या मधे सगळे एकमेकांना धरून उभे असल्याचं ते चित्रीकरण महाराष्ट्रानं पाहिलं. डोंगरातलं पाणी हळूहळू चढत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या पठारावर ढग फुटलेला असतो आणि त्याचा लोंढा काही मिनिटांत खाली येतो. खुणा ओळखायला शिका: स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज बदलला, की चप्पल, बॅग, फोन काही न उचलता आधी मुलांना घेऊन काठावर चढा. दोन्ही काठांना पोचता येत नाही अशा खडकावर फोटोसाठीसुद्धा जाऊ नका. सांधणमध्ये तर काठ नावाची गोष्टच नाही. दोन्हीकडे भिंत, पुढेमागे पाणी. म्हणून जून ते ऑक्टोबर सांधण बंद, असं घरातल्या प्रत्येकाला बजावा, सरकारी फलक असो वा नसो.

बाकी सूचना साध्या आहेत. शनिवार-रविवार टाळा. गर्दीच्या दिवसांत धरणाभोवतीच्या रस्त्यावर एकेरी वाहतूक असते आणि निम्मा दिवस गाडीतच जातो. मुंबईकरांनी इगतपुरी-घोटीकडून यावं, आमच्या बाजूच्यांनी अकोले-राजूरकडून. राजूरचे पेढे येताना घ्या, जाताना घेतले तर रंध्यापर्यंत उरत नाहीत. पावसाळ्यात अंधार पडायच्या आत घाट उतरा, धुक्यात पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका. आणि पायात चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत.

एका वर्षात दोन सहली परवडत नसतील तर यंदा रंधा करा आणि सांधण पुढच्या हिवाळ्यावर सोडा. डोंगराला साडेसहा कोटी वर्षं झालीत, तो तेवढे दिवस थांबेल. पण ऑगस्टमध्ये "आलोच आहोत तर सांधणमध्ये जरा डोकावून येऊ" असं घरातलं कुणी म्हणालं, तर गाडीची किल्ली स्वतःच्या हातात घ्या आणि सरळ राजूरचा रस्ता धरा.