सॅलिंजर की रिद्धपूर?

(लेखमाला ‘कादंबरीच्या मुळाशी’ : लेखांक ६)

‘कोसला’वर सॅलिंजरचा प्रभाव आहे का, हा प्रश्न मराठीच्या एम.ए.च्या वर्गांत इतकी वर्षं विचारला जातोय, की त्याचं उत्तर आता तयार नोट्समध्ये मिळतं. काही नोट्स म्हणतात, आहे. काही म्हणतात, नाही, प्रभाव महानुभाव गद्याचा. परीक्षेत दोन्ही चालतं. मागच्या आठवड्यात ‘कोसला’च्या रचनेबद्दल लिहिलं, तेव्हा नांदगाव पेठच्या एका शिक्षक वाचकांनी विचारलं, ‘आमच्या गावावरून मोर्शीकडे रस्ता फुटतो, त्याच अंगाला रिद्धपूर आहे. मग ‘कोसला’चं मूळ शोधायला समीक्षक न्यूयॉर्कला कशाला जातात?’ प्रश्न मिश्कील आहे, पण त्यातली मेख खरी आहे. या वेळचा लेखांक त्यांच्याच प्रश्नावर.

आधी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवू. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ १९५१ ची, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती काढली, तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. दोन्हींत एक तरुण ‘मी’ बोलतो. दोघांनाही मोठ्या माणसांच्या जगातला खोटेपणा सोसत नाही. दोघंही शिक्षणात फसतात. दोघांच्या बोलण्याला काही पालुपदं चिकटलेली आहेत. पांडुरंग सांगवीकरचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ तर पुढे एका पिढीच्या तोंडी बसलं. शिवाय दोघांच्याही मनात एक मेलेलं भावंड आहे : होल्डनचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीने गेलेली. एवढं साम्य पाहिलं की कुणालाही वाटेल, खटला संपला.

पण खटला इथूनच सुरू होतो. ॲली कादंबरी सुरू होण्याआधीच गेलेला आहे. तो आठवणीत आहे, त्याच्या बेसबॉलच्या हातमोज्यात आहे. होल्डनचं दुःख त्याच्या एकट्याचं, ते तो शहरभर घेऊन फिरतो. मनी मात्र पुस्तक चालू असताना मरते, आणि तिच्या मरणात सगळं घर सापडतं : आई, बाकीच्या बहिणी, ज्याच्याशी पांडुरंगचं कधी पटलं नाही तो बापही. मरण घरात शिरलं की घरातली माणसं एकमेकांकडे कशी बघतात, हे त्या पानांत आहे. सॅलिंजरला ते लिहायचंच नव्हतं, त्याचा विषय निराळा. दुसरी गोष्ट वेळेची. होल्डनची भटकंती नाताळाआधीच्या थोड्याशा दिवसांत आटोपते. पांडुरंगची गोष्ट गावातल्या लहानपणापासून पुण्याच्या वसतिगृहातून, मेसमधून, संमेलनांतून, नापास होण्यातून परत सांगवीला येते. आणि परतायला गाव आहे, हा सगळ्यांत मोठा फरक. होल्डनला गाव नाही. पांडुरंगला आहे, आणि ते त्याला नकोसं असूनही घेतं.

म्हणून माझं मत असं, की सॅलिंजरकडून ‘कोसला’ने घेतलं असेल ते बोलण्याचं धाडस. नायकाने कादंबरीत नायकासारखं न वागता कटकट करत बोलावं, तेही आपल्याच वयाच्या भाषेत, ही मुभा. फडके-खांडेकरांच्या मराठीत ती नव्हती. पण मुभा मिळाली म्हणजे वाक्य मिळतं असं नाही. वाक्य कुठून आलं?

इथे रिद्धपूर येतं. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभूंचं. महानुभाव पंथ स्थापणाऱ्या चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य इथेच गोळा झाले आणि म्हाइंभटाने इथेच ‘लीळाचरित्र’ रचलं, साधारण १२७८ च्या सुमारास. कसं रचलं ते समीक्षेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम बघावं. म्हाइंभट ज्यांनी चक्रधरांना पाहिलं, ऐकलं, त्यांना शोधत हिंडला. नागदेवाचार्यांकडून एकेक लीळा तपासून घेतली. एखाद्या प्रसंगाची दोन माणसांची सांगणी जुळली नाहीत, तर दोन्ही ठेवण्याची पंथाची रीत होती. त्या पाठभेदांना ‘वासना’ म्हणतात. कुठे, कोण हजर, काय विचारलं, काय उत्तर दिलं, आणि थांबलं. उपमांचा सडा नाही, तात्पर्य नाही, प्रसंग संपला की वाक्य संपतं. चक्रधर कुणाच्या घरी जेवले, कोण रागावलं, कोणाचं हसू झालं, असल्या बारक्या गोष्टी त्यात आहेत, आणि त्या पवित्र मानूनही पवित्र आवाजात सांगितलेल्या नाहीत.

आता ‘कोसला’ उघडा. तुटक, क्रियापदावर येऊन पडणारी वाक्यं. घटना सांगून बाजूला होणारा निवेदक. दोन मित्रांचं बोलणं जसंच्या तसं ठेवून त्यावर शेरा न मारण्याची सवय. ना. सी. फडक्यांच्या वाक्यापेक्षा हे वाक्य म्हाइंभटाच्या वाक्याला जवळचं आहे, यात मला शंका नाही. ज्या मराठीत शंभर वर्षं इंग्रजी वळणाची लांबलचक, पोटवाक्यांची पानं लिहिली गेली, तिच्यात हा आवाज वेगळा वाटला तो याच कारणाने.

मोर्शी-वरुडच्या बागाइतदाराला हे एका वाक्यात कळेल : खुंट जंबेरीचा, डोळा संत्र्याचा. फळ बघून खुंट ओळखू येत नाही, पण झाड उभं असतं ते खुंटावर.

इथपर्यंत आलं की साहित्याचं मूळ आपल्याच मातीत शोधणारा आपल्याकडचा देशीवादी समीक्षक टाळी देतो आणि लेख संपवतो. मला इथे थांबवत नाही, कारण या मांडणीत एक अडचण आहे आणि ती बहुतेक प्रबंधांत टाळली जाते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लपवले. मूळ ‘लीळाचरित्र’ धाडीत हरवलं आणि आठवणीतून त्याचे पाठ पुन्हा सिद्ध झाले, असं पंथाची परंपराच सांगते. पुढे कित्येक शतकं हे गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसाने वाचलेलंच नव्हतं. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिप्या उलगडल्या. ह. ना. नेन्यांनी नागपूरहून १९३० च्या दशकात ‘लीळाचरित्रा’चे भाग छापले. वि. भि. कोलते, जे अमरावतीत प्राध्यापक होते आणि वऱ्हाडातच वाढले, त्यांची संपादित आवृत्ती तर १९७८ साली आली, म्हणजे ‘कोसला’नंतर पंधरा वर्षांनी. मग म्हाइंभट ते नेमाडे अशी अखंड परंपरा कशी म्हणायची? मधली सहाशे वर्षं मराठी गद्य त्याच्याशिवायच चाललं. बखरी त्याला न विचारता लिहिल्या गेल्या.

याची दोन उत्तरं संभवतात. एक, ही परंपरा छापखान्यातून आली. म्हणजे आधुनिक संशोधकांनी ती शोधून दिली आणि आधुनिक लेखकाने उचलली. तसं असेल तर ‘देशी’ म्हणून जे मिरवलं जातं, तेही आधुनिकतेचंच एक फळ ठरतं. दुसरं उत्तर मला जास्त ओढतं. पंथाच्या घरांत, मठांत हे गद्य बोलण्यातून, निरूपणातून कानावर पडत राहिलं. खानदेशात आणि वऱ्हाडात महानुभाव घरं भरपूर आहेत. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, जळगाव जिल्हा बुलढाण्याला चिकटलेला. लेवा बोली आणि वऱ्हाडी यांचं नातं कानाने ऐकलं तरी कळतं. ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीत तर महानुभाव झालेली आत्याच आहे. म्हणजे पुस्तकातून नव्हे, घरातून आलेलं वाक्य. पण हे सिद्ध करायचं तर कोणी तरी मठात बसून निरूपण ऐकायला हवं, टिपायला हवं आणि ‘कोसला’च्या वाक्याशी ताडून पाहायला हवं. असं काम माझ्या वाचनात आलेलं नाही. ‘कोसला’वर बोलायचं तर महानुभाव म्हणायचं, एवढीच रीत पडली आहे.

नावांचा मोह तर आणखी वाईट. नेमाड्यांच्या चतुष्टयाचा नायक चांगदेव पाटील : ‘बिढार’ (१९७५), ‘हूल’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९). महानुभावांच्या पंचकृष्णांत चांगदेव राऊळ आहेत, म्हणून नाव पंथातून आलं असं म्हणायला जागा आहे. पण तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे, तिथे योगी चांगदेवाचं देऊळ आहे आणि ते सांगवीहून फार लांब नाही. घरात मुलाचं नाव ठेवायला त्या मुलखात हा चांगदेव पुरतो. नेमाड्यांचे नायक पाहा : पांडुरंग, चांगदेव, खंडेराव. पंढरपूर, संगम आणि जेजुरी. या तिघांची नावं एकत्र ठेवली की एका पंथाचा नव्हे, शेतकरी घराच्या देव्हाऱ्याचा नकाशा दिसतो. नावावरून प्रभाव शोधणाऱ्याने निदान देव्हारा तरी पुरता बघावा.

बोर्हेसने काफ्कावर लिहिताना एक उलटी गोष्ट मांडली होती : मोठा लेखक आपले पूर्वज स्वतः घडवतो. काफ्का आल्यावर त्याच्या आधीच्या काही लेखकांत काफ्का दिसू लागला. ‘कोसला’ने ‘लीळाचरित्रा’चं हेच केलं. त्याआधी कॉलेजात ते वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या प्रकरणात यायचं, भाषेचे जुने नमुने म्हणून. ‘कोसला’नंतर त्यात कथन दिसू लागलं. हे श्रेय मोठं आहे आणि ते नेमाड्यांना द्यायला हवं, प्रभाव सिद्ध झाला नाही तरीही.

आता मूळ दुखण्याकडे. नेमाडे हे मराठीतले असे कादंबरीकार आहेत, की ज्यांनी आपल्या कादंबऱ्या मोजायची पट्टीही स्वतःच तयार केली. मराठी कादंबरीच्या प्रेरणांवरच्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्यापासून निघालेले तीन प्रवाह आहेत, आणि त्यात वास्तवाकडे जाणारा ‘यमुनापर्यटन’चा प्रवाह वरचा. ‘कोसला’ कोणत्या प्रवाहात बसते ते सांगायला नको. त्यांचं समीक्षेचं पुस्तक ‘टीकास्वयंवर’ १९९० मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि विद्यापीठांत ते पाठ्यपुस्तकासारखं वापरलं जाऊ लागलं. तेव्हापासून नेमाड्यांवरचे प्रबंध बहुतेक एकाच साच्याचे निघतात : पहिल्या प्रकरणात देशीवाद, दुसऱ्यात ‘टीकास्वयंवर’, पुढे प्रत्येक कादंबरीत देशीवाद कसा आहे ते. लेखकाच्याच कसोटीवर लेखक घासायचा आणि सोनं निघालं म्हणून आनंद मानायचा. याला मी समीक्षा म्हणत नाही, ती आरती झाली.

या आरतीत एक गोष्ट ऐकूच येत नाही. देशीवादाचा हा पुरस्कर्ता आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकवत आला. इंग्रजीचा मराठीवर काय परिणाम झाला, या विषयावरचं त्यांचं पुस्तक १९९० साली इंग्रजीतच निघालं. साहित्य अकादमीसाठी तुकारामांवरची पुस्तिका त्यांनी इंग्रजीत लिहिली. देशीवादावरचं २००९ चं पुस्तकसुद्धा सिमल्याहून इंग्रजीत आलं. यात दांभिकपणा मला दिसत नाही. ज्याला दुसरी भाषा आतून माहीत असते, त्यालाच आपल्या भाषेत ती कुठे शिरली आहे ते दिसतं. पण मग ‘कोसला’वरच्या इंग्रजी संस्काराबद्दल बोलायला समीक्षक का लाजतात? २०१५ च्या फेब्रुवारीत, ज्ञानपीठ जाहीर झाल्यावर, नेमाड्यांनी रश्दी-नायपॉल यांच्या लेखनाबद्दल शेरे मारले आणि रश्दींनी ट्विटरवरून त्यांना शिवी हासडली. त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांत अस्मितेचा पूर आला. दोघांच्या कादंबऱ्या शेजारी ठेवून चार पानं लिहिलेली मात्र फार कुठे दिसली नाहीत.

‘हिंदू’चं वाचनही असंच दोन टोकांत अडकलं. कोणाला ती महाकादंबरी वाटली, कोणाला पसारा. तिच्यातल्या बायका पुरुषांच्या नजरेबाहेर किती येतात, गावगाड्याच्या आठवणीत दलित माणूस कुठे उभा आहे, हे प्रश्न विचारले गेले, पण ते विचारणाऱ्यांना बरेचदा ‘देशीवाद समजलाच नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

तर नांदगाव पेठच्या शिक्षकांना माझं उत्तर असं : समीक्षकांनी न्यूयॉर्कला जावं आणि रिद्धपूरलाही. पण रिद्धपूरला गेल्यावर दर्शन घेऊन परतू नये, मठात बसून कान द्यावा. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. अमरावतीचं विद्यापीठ जवळच आहे. या दोन्हींतल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी ‘देशीवाद’ हा शब्द न वापरता ‘लीळाचरित्रा’ची शंभर वाक्यं आणि ‘कोसला’ची शंभर वाक्यं घेऊन त्यांची रचना तपासली, तर इतक्या वर्षांच्या वादाला पहिल्यांदा काही पुरावा मिळेल.

जाता जाता आणखी एक. ‘कोसला’च्या तीन वर्षं आधी, १९६० मध्ये, याच अमरावती जिल्ह्यातल्या उद्धव शेळक्यांनी ‘धग’ लिहिली. शिंप्याच्या घरातली कौतिक, तिचा नवरा महादेव आणि वऱ्हाडी संवाद. तेव्हा ‘देशीवाद’ हा शब्द कोणाच्या कानावरही नव्हता. पुढच्या लेखांकात ‘धग’ वाचू. ज्यांच्या घरी किंवा गावच्या वाचनालयात प्रत असेल, त्यांनी तोवर पहिली काही प्रकरणं वाचून ठेवावीत. या वेळी नोट्स काढू नयेत.