दिवसाढवळ्या दिसणाऱ्या बॉबकॅटचे फोटो लोक नेमके काढतात तरी कसे?

इन्स्टाग्रामवर तुम्हाला हा फोटो दिसला असेल. हिरवं गवत, मागं धुकं आणि मधोमध ठिपक्याठिपक्यांचं, आखूड शेपटीचं मांजर, तोंडात उंदरासारखं काहीतरी धरून उभं. असे बरेच फोटो एकाच भागातून येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या पॉइंट रेज नॅशनल सीशोअरमधून.

बॉबकॅट म्हणजे घरच्या मांजराच्या साधारण दुप्पट आकाराचं रानटी मांजर. शेपूट कापल्यासारखी दिसते म्हणून हे नाव, आपल्याकडच्या बॉबकटमधला ‘बॉब’ तोच. एरवी हा प्राणी लाजाळू. जंगलात आयुष्य काढलेल्यांनाही क्वचित दिसतो.

मग इथं कसा दिसतो? कारण समुद्रालगत झाडी कमी आणि गवताळ माळ जास्त. त्या गवताखाली गोफर नावाचे बिळं करणारे प्राणी आहेत. बॉबकॅट बिळाशी जाऊन बसतो, कान पुढं करतो आणि पुतळ्यासारखा थांबतो. पाच मिनिटं, कधी त्याहून जास्त. मग एकदम उडी!

फोटोग्राफरचं काम इथंच सुरू होतं. अनुभवी मंडळी गाडीतून उतरतच नाहीत. रस्त्याकडेला सुरक्षित जागी गाडी लावायची, इंजिन बंद करायचं आणि खिडकीवर उशी ठेवून त्यावर 400 ते 600 मिलिमीटरची लेन्स टेकवायची. चालत्या माणसाला प्राणी जितका बिचकतो तितका थांबलेल्या गाडीला बिचकत नाही. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची.

आता गडबड कुठं होते ते बघा. मोबाईलवाला ‘अजून थोडं जवळ’ म्हणत पुढं सरकतो. मांजर मान वळवून लेन्सकडं बघतं. फोटोला लाईक भरपूर मिळतात, पण त्या नजरेचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की शिकार गेली. दिवसभरात असे दहा जण आले तर त्याच्या पोटाचं काय? अमेरिकेतली बरीच राष्ट्रीय उद्यानं अशा प्राण्यांपासून किमान 25 यार्ड, म्हणजे सुमारे 23 मीटर लांब राहायला सांगतात. खायला घालणं, मुद्दाम बिचकवणं आणि ड्रोन उडवणं या गोष्टींना तिथं बंदी आहे.

दुसरा मुद्दा लोकेशनचा. कॅलिफोर्नियात कातड्यासाठी बॉबकॅट सापळे लावून पकडले जायचे. 2015 मध्ये राज्याच्या आयोगानं त्यावर बंदी घातली आणि 2020 पासून बंदुकीनं शिकार करण्यावरही कायद्यानं बंदी आली. म्हणजे तिथं आता शिकाऱ्यापेक्षा गर्दीची भीती मोठी. एखाद्या मादीची पिल्लं कुठं आहेत ते नकाशावर टाकलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते, आणि मादी पिल्लांना घेऊन दुसरीकडं निघून जाऊ शकते.

म्हणून जुने फोटोग्राफर कॅप्शनमध्ये फक्त ‘पॉइंट रेज’ लिहितात. रस्ता कुठला, वळण कुठलं, हे कमेंटमध्ये कितीही विचारा, उत्तर येत नाही.