स्वतःलाच इजा करणारी मुले : निदानाचे निकष

कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या अंगावर पुन्हा पुन्हा जखमा दिसतात. विचारले तर 'खरचटले' एवढेच उत्तर मिळते. घरात कोणी याला 'नाटक' म्हणतो, तर कोणी 'जीव द्यायला निघाली' म्हणून आकांत करतो. दोन्ही समज अपुरे आहेत.

मरण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून इजा करणे हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९९४ च्या निदानग्रंथात त्याचा उल्लेख एका व्यक्तिमत्त्व विकाराचे लक्षण म्हणून होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचे स्वतंत्र निकष आले. पण 'अधिक अभ्यास हवा' या विभागात. २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही ते तेथेच आहेत.

हे निकष थोडक्यात असे :

१) गेल्या वर्षात किमान ५ दिवस अशी इजा केलेली असणे; मात्र ती गंभीर होणार नाही अशी अपेक्षा असणे.

२) त्रासदायक भावनेतून सुटका व्हावी, नात्यातला पेच सुटावा किंवा बरे वाटावे, यांपैकी एक तरी हेतू असणे.

३) इजेआधी भांडण, दुःख, राग वा चिंता असणे, तो विचार आवरता न येणे, किंवा तो वारंवार मनात येणे. यांपैकी एक तरी असणे.

४) कृती समाजमान्य नसणे. म्हणून गोंदवणे, कान टोचणे, धार्मिक विधी यांत येत नाहीत. केवळ नखे कुरतडणे वा खपली काढणे हेही नाही.

५) त्यामुळे मनाला लक्षणीय त्रास होणे किंवा शिक्षण, नाती, काम यांत अडथळा येणे.

६) ती केवळ नशेत वा भ्रमाच्या अवस्थेत घडलेली नसणे, दुसऱ्या आजाराने तिचा अधिक नीट उलगडा होत नसणे.

५ दिवस भरले नाहीत म्हणून दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नव्हे. निकष हे डॉक्टरांचे साधन आहे. पालकांनी त्यावरून घरी निवाडा करू नये. आज मरण्याचा हेतू नसला तरी अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढतो. म्हणून 'मरावेसे वाटते का?' हे शांतपणे, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही.

ओरडू नका, शपथा घालू नका, चारचौघांत जखम दाखवायला लावू नका. आधी ऐकून घ्या, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जखम अंगावर दिसते, दुखणे मनात असते. उपचार दोहोंवर हवेत.