गिअर बदलला की गाडी का रखडते?



आपल्या देणग्यांतून चालणाऱ्या कामात जुन्या जीपचा वाटा किती मोठा आहे, हे सिंदेवाहीला येऊन गेलेल्यांना माहीत आहे. आमची जीप महिंद्राची, एमएम ५४० जातीची. प्युजो बनावटीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन, टर्बो नाही, चार गिअर आणि गरज पडली तर चारही चाकांना ओढ. नाल्याच्या रेतीतून आणि बांध्यांच्या चिखलातून दुसरी गाडी जात नाही, म्हणून ती आम्ही सांभाळून ठेवली आहे.

गेल्या धानाच्या हंगामात ती रखडू लागली. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरला ठीक चाले. तिसरा टाकला की पाय पूर्ण दाबूनही वेग वाढेना. मी कोणाला न विचारता ठरवून टाकले की क्लच गेला. माझ्या सांगण्यावरून क्लच प्लेट बदलली, मोठी रक्कम गेली आणि गाडी होती तशीच राहिली. त्यानंतर आठच दिवसांनी, डिसेंबरच्या एका रात्री, जंगलातल्या एका गावाहून अडलेल्या बाईला घेऊन निघालो. एरवी पाऊण तासाचा रस्ता, त्याला दीड तासाहून जास्त लागला. वाघाच्या वाटेवर दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चाललेली गाडी आणि मागे त्या बहिणीचे कण्हणे मी विसरणार नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण माझ्या घाईच्या निदानाची किंमत तिने मोजली असती, हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पुढे एका वयस्क मिस्त्रींनी मला पहिलाच प्रश्न विचारला, “भाऊ, आवाज वाढते का गाडी वाढते?” सगळे निदान या प्रश्नात आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मंडळीत, शाळेत किंवा शेतावर अशी जुनी गाडी असेल, म्हणून ते क्रमाने सांगतो.

आधी चालवण्यातली चूक वगळा. वरचा गिअर टाकला की इंजिनाचे फेरे कमी होतात. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे दीड फेरे होतात तेव्हा चौथ्यात एकच होतो. मग २४०० फेऱ्यांवर गिअर बदलला तर इंजिन १६०० वर येते. या जातीच्या इंजिनाची खरी ओढ २००० च्या आसपास असते. गिअर लवकर बदलला किंवा चढावर बदलताना वेळ लावला, तर चांगली गाडीही रखडते. थोडा उशिरा बदलून पाहा. फरक पडला तर गाडीत दोष नाही.

पहिली शक्यता : आवाज वाढतो, वेग वाढत नाही. इंजिन फिरते आहे, पण जोर चाकांपर्यंत पोचत नाही. हा क्लच घसरण्याचा प्रकार आहे आणि बहुधा जळका वासही येतो. खात्री करायला गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करा. पुढे-मागे कोणी नको. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक दाबा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच पकडतो आहे. सुरूच राहिले तर घसरतो आहे. हे एकदाच करावे, वारंवार केल्यास क्लच जळतो. ही दोन मिनिटांची परीक्षा मी केली असती तर नवी प्लेट घ्यावी लागली नसती.

दुसरी शक्यता : इंजिन जोर लावते, पण गाडी कोणीतरी मागे धरल्यासारखी जड वाटते. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोघा-तिघांनी ढकलून पाहा, सहज हलली पाहिजे. काही किलोमीटर चालवून उतरा आणि चाकांजवळ हात न लावता नुसता धरा. एकच चाक जास्त तापले असेल तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे. टायरची हवाही पाहा. आणि आमच्या भागातली नेहमीची चूक म्हणजे रेती पार करायला टाकलेली फोर-व्हील डांबरी सडकेवर काढायची राहून जाते. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. रेतीत ती घसरून हिशेब जुळवतात, पण डांबरावर घसरता येत नाही. मग सगळा ताण गिअरांवर येतो, गाडी जड होते आणि दांडाही सहज निघत नाही. लो गिअर राहून गेला असेल तर वेग साधारण अडीचपट कमी होतो. पुढची आणि मागची टायरे वेगवेगळ्या मापांची असली तरी फोर-व्हीलमध्ये असाच ताण येतो.

तिसरी शक्यता : आवाजही वाढत नाही, वेगही नाही. इंजिनच उपाशी आहे. त्याला दोनच गोष्टी लागतात, डिझेल आणि हवा. यांपैकी काय कमी पडते ते धूर सांगतो. एकाला मागे उभे करून जोर लावताना बघायला सांगा.

धूर फारसा नाही आणि ओढही नाही, तर डिझेल कमी पडते आहे. आधी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पंपावरचा दांडा शेवटपर्यंत जातो का पाहा. पायाखालची जाड चटईही आडवी येऊ शकते. मग डिझेल फिल्टर पाहा, त्यातले पाणी काढा. कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांकडे पाणी आणि गाळ हमखास निघतो. टाकीचे झाकण सैल करून थोडे चालवून बघा. सुधारणा झाली तर टाकीत हवा जाण्याची वाट बुजली आहे. पाइपाच्या जोडातून हवा शिरत असली तरीही असेच होते.

काळा धूर निघत असेल तर डिझेल पोचते, पण ते जाळायला हवा पुरत नाही. आमच्या गाडीचा धूर काळाच होता. तो महिनाभर सर्वांना दिसत होता, पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

या जीपच्या हवेच्या फिल्टरमध्ये तेलाची वाटी असते. आत येणारी हवा तेलावर आपटते, धूळ तेलात अडकते आणि वरच्या जाळीतून स्वच्छ हवा पुढे जाते. हंगामात धान चुरण्याच्या मशीनजवळून आमची रोज ये-जा होती. मिस्त्रींनी वाटी उघडली तेव्हा तेलाच्या जागी घट्ट चिखल होता आणि जाळी कोंड्याने भरली होती. शिवाय हवेचा रबरी पाइप जुना होऊन मऊ पडला होता. गाडी उभी असताना तो ठीक दिसे, पण इंजिनाने जोरात हवा ओढली की चपटा होई. म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नव्हता आणि तिसऱ्या गिअरला गाडी रखडत होती.

जाळी डिझेलने धुऊन वाळवली, खुणेपर्यंत नवे तेल भरले, पाइप बदलला. खर्च क्लचच्या एका कोपऱ्याएवढाही नाही. मात्र वाटीत खुणेच्या वर तेल भरू नका. इंजिन ते ओढून घेऊ लागले तर चावी फिरवूनही बंद होत नाही.

आता हंगामात दर आठवड्याला वाटी उघडायची, असे आम्ही ठरवले आहे. तारीख गाडीतल्या वहीत लिहिली जाते, आणि क्लचचा खर्चही त्याच वहीत माझ्या नावाने नोंदवला आहे. तो पैसा आपला होता. आपल्या गाडीचा धूर कोणत्या रंगाचा आहे, ते आज एकदा पाहून घ्या.