खेकड्याचं कवच, स्ट्रॉबेरीचं रक्षण

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी खंबाटकीचा बोगदा ओलांडून खंडाळा, शिरवळमार्गे पुण्या-मुंबईकडे जाते. फळ नाजूक, जरा उष्मा लागला की करडी बुरशी धरते. 1991 साली कॅनडातल्या संशोधकांनी स्ट्रॉबेरीवर कायटोसानचा पातळ थर देऊन पाहिला, तेव्हा फळं सडण्याचं प्रमाण बरंच घटलं.

हे कायटोसान मिळतं खेकडे आणि कोळंबीच्या टाकाऊ कवचांतून.

चिंबोरीच्या कवचात मुख्यतः तीन घटक असतात: कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिनं आणि कायटिन. दळलेल्या कवचावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की भांड्यात फसफसून फेस येतो; चुनखडी विरघळून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. फेस थांबला की भुगा धुवून सौम्य कॉस्टिक सोड्यात तापवतात, म्हणजे प्रथिनं सुटतात. मागे राहतं ते कायटिन.

खरी कसोटी यापुढची. 1859 साली रुजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कायटिन तीव्र अल्कलीत उकळलं आणि आम्लात विरघळणारा नवाच पदार्थ हाती आला. आजही साधारण 40 ते 50 टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात, 100 अंश सेल्सियसच्या आसपास कायटिन काही तास ठेवतात. त्यातले ॲसिटिल गट निघून गेले की कायटोसान तयार होतं. आच किंवा वेळ कमी पडली तर ते नीट विरघळत नाही. दोन्ही वाढवत नेली तर रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि द्रावण पाण्यासारखं पातळ होतं. म्हणूनच अल्कलीची तीव्रता, तापमान आणि वेळ यांचा मेळ बसवणं, हेच या उत्पादनातलं मुख्य कौशल्य. एक टक्का ॲसेटिक आम्लात चिमूटभर नमुना टाकून ढवळला की तो किती विरघळतो आणि द्रावण किती दाट होतं, यावरून पहिला अंदाज येतो.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. मात्र या पद्धतीत धुण्यासाठी पाणी अमाप लागतं आणि सांडपाणी आम्ल-अल्कलीयुक्त असतं. त्यामुळे अल्कलीचा पुनर्वापर आणि लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंकडून कवचं आंबवून घेणं, या दोन वाटांवर जगभर संशोधन चालू आहे.

कोकणच्या बंदरांवरचं कवच आणि साताऱ्याची फळबाग यांच्यात कुंभार्ली घाटाचंच अंतर आहे. कवचं कुजायच्या आत, ताजी असतानाच धुवून वाळवण्याची सोय बंदरावर व्हायला हवी. चांगल्या कायटोसानची सुरुवात तिथूनच होते.