चित्ता आणला, काळविटाच्या माळाचे काय?

आफ्रिकेतून आणून कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडलेल्या चित्त्यांची बातमी आली की कोल्हापुरात संस्थानकाळातल्या चित्तेवानांच्या, म्हणजे शिकारी चित्ते सांभाळणाऱ्यांच्या, गोष्टी निघतात. आफ्रिकेतून चित्ते आणण्याची कल्पना काही २०२२ ची नव्हे. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कोल्हापूर दरबाराने ते आफ्रिकेतूनच मागवले होते. ते हवे होते काळविटाच्या शिकारीसाठी.

डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून माळावर न्यायचा, ही या शिकारीची जुनी रीत. पायी माणूस दिसला की कळप उधळतो; गाडी मात्र रोजच्या पाहण्यातली, तिला तो फारसा बुजत नाही. कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. काही सेकंदांत खेळ आटोपे, कारण चित्त्याचा दम फार टिकत नाही. शिकार साधली की चित्तेवान धावत जाई आणि लाकडी पळीत रक्त धरून चित्त्याची पकड सोडवी. चित्ता दमेपर्यंत टिकला तो काळवीट सुटला.

काळवीट ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने पळतो. आफ्रिकेतल्या माळांवरच्या स्प्रिंगबॉक आणि गॅझेल यांचा हा भाऊबंद. याची पिळदार शिंगे सांबराप्रमाणे दरवर्षी गळत नाहीत. मोठा नर माळाचा एक तुकडा आपला मानतो, ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग घालतो आणि डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव गवताच्या काडीला पुसून हद्द आखतो. शत्रू लांबून दिसणे आणि पळायला मोकळे रान असणे, यावरच त्याचा जीव तरतो. पाडस मात्र पहिले काही दिवस उंच गवतात दडून राहते. म्हणजे त्याला माळ हवा, आणि गवतासकट हवा.

नेमके तेच आपल्याला कळत नाही. गवताळ माळाची नोंद आपण ‘पडीक’ अशी करतो. मग तिथे वसाहत येते, ऊस येतो, नाहीतर चांगल्या हेतूने झाडे लावली जातात. दाट झाडीत काळविटाची नजर आणि वेग दोन्ही वाया जातात. १९७२ च्या कायद्याने त्याला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत बसवले, पण कर्जत तालुक्यातले त्याचे रेहेकुरी अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे.

चित्त्यासाठी आपण विमान पाठवले. काळविटासाठी काहीच आणायचे नाही, आहे तो माळ राखायचा आहे. तुमच्या गावच्या गायरानावर वृक्षारोपणाचा ठराव येईल, तेव्हा ग्रामसभेत एवढे जरूर विचारा : इथले गवत कोणाचे घर आहे?