स्पर्धा शेजाऱ्याशी की मागासपणाशी?

परभणी जिल्ह्यातील व्यापारी व कारागिरांनी विचार करावा असा एक प्रश्न

दिवाळी सरली की परभणी, मानवत, सेलू, जिंतूर येथील मोंढे कापसाने पांढरेशुभ्र होतात. पहाटेपासून गाड्यांच्या रांगा लागतात. शेतकरी मराठा असो, वंजारी असो वा धनगर, माल घेऊन तो आडतीवर येतो. आडत बहुधा मारवाडी, कोमटी किंवा लिंगायत शेठची. माल उतरवणारे हमाल दलित आणि मुस्लिम वस्त्यांतले. जिनिंगचे यंत्र बिघडले की हाक जाते ती आपल्या फिटरला. सरकी तेलाच्या गिरणीत जाते, पेंड गवळ्याच्या गोठ्यात आणि रुईचा काही भाग आपल्या पिंजाऱ्याच्या दुकानात. म्हणजे एका कापसाच्या बोंडावर दहा जातीजमातींची चूल पेटते. यातला एक हात जरी थांबला तरी बाकी नऊ हातांचे काम अडते.

असे असूनही आपल्याकडे ‘स्पर्धा’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर समोरच्या दुकानाची पाटी येते. ‘त्यांनी आमचा धंदा घेतला’ असे आपण म्हणतो, आणि ‘यांनी आमचा बाजार काबीज केला’ असे तिकडून ऐकू येते. निवडणूक जवळ आली की अमक्याकडून माल घेऊ नका, तमक्याला गाळा भाड्याने देऊ नका, अशी कुजबुज सुरू होते. बहुवंशीय देशाची प्रगती अशाने होते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे बाहेर पाहू आणि मग आपल्याच मोंढ्यात परत येऊ.

मलेशियाने काय केले?

मलेशियात मलाय मुसलमान बहुसंख्य, पण व्यापार चिनी समाजाच्या हाती. मोठे मळे आणि खाणी परदेशी कंपन्यांच्या. रबराच्या मळ्यांत राबणारा मजूर बहुतांशी तामिळ. मलाय माणूस भातशेती, मासेमारी किंवा सरकारी चाकरीत. प्रत्येक जमातीचा पेशा ठरलेला. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये भीषण दंगल उसळली. त्यानंतर १९७१ मध्ये तेथील सरकारने नवे आर्थिक धोरण आणले. त्याची दोन उद्दिष्टे होती. पहिले, वंश न पाहता सर्वांचे दारिद्र्य हटवणे. दुसरे, पेशा आणि वंश यांची पडलेली गाठ सोडवणे. कंपन्यांच्या भांडवलात मलाय व अन्य भूमिपुत्रांचा वाटा १९९० पर्यंत ३० टक्के व्हावा, असे लक्ष्य ठरले.

हे लक्ष्य गाठता आले नाही. १९७० मध्ये जेमतेम अडीच टक्के असलेला हा वाटा १९९० मध्ये १९ टक्क्यांच्या आसपास पोचला. पण आकडेवारीत याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. याच काळात चिनी समाजाचा वाटाही सुमारे २७ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांच्या घरात गेला. घटला तो परदेशी कंपन्यांचा वाटा. तो ६३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या आसपास आला. एकाची भाकरी हिसकावून दुसऱ्याला दिली गेली नाही, तवाच मोठा झाला. पिनांगमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आले, खेड्यातल्या मलाय मुली तेथे कामाला लागल्या, भूमिहीनांना पामच्या लागवडीसाठी जमीन मिळाली. १९७० च्या सुमारास निम्मी कुटुंबे दारिद्र्यात होती. १९९० पर्यंत हे प्रमाण एक षष्ठांशाच्या जवळ आले.

या धोरणाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. परवाना मलाय माणसाच्या नावावर आणि धंदा चिनी व्यापाऱ्याचा, असा प्रकार तेथे बोकाळला. लोक त्याला थट्टेने ‘अली बाबा’ म्हणू लागले. अली घरी बसून टक्केवारी घेई, बाबा दुकान चालवी. सत्तेजवळचे काही मलाय धनाढ्य झाले आणि गरीब मलाय मागेच राहिला. तात्पर्य असे की शाळा, जमीन, कौशल्य आणि कारखाना यांनी समाज वर आला. नुसत्या परवान्याने फक्त दलाल जन्माला आले.

आपल्याच जिल्ह्याचा धडा

असा धडा शिकायला इतके दूर जायचीही गरज नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस फक्त शासनाच्या वतीने पणन महासंघच घेणार, खासगी व्यापाऱ्याला बंदी. हेतू चांगला होता. मंदीच्या वर्षी शेतकऱ्याला हमीभावाचा आधार मिळालाही. पण चुकारे महिनोन्‌महिने रखडू लागले, तोटा वाढत गेला, आणि शेजारच्या राज्यात भाव चढा असला की रातोरात गाड्या सीमा ओलांडू लागल्या. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. तेव्हा बाजारात कोण टिकले? ज्याच्याकडे भांडवल, हिशेब आणि बाजारभावाची खबर होती तोच. बंदी उठली म्हणून कोणाला आपोआप धंदा मिळाला नाही.

स्पर्धा नको म्हणून दार लावून घेतले तर चोरवाटा निघतात, आणि तयारी न करता दार उघडले तर दुबळा चेंगरतो. त्यामुळे तयारी हाच खरा मुद्दा आहे.

आपण कोठे उभे आहोत?

निजामी राजवटीत मराठवाड्यातील बरीच मुस्लिम कुटुंबे सरकारी चाकरीवर जगत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर कारभार बदलला, दफ्तरातून उर्दू गेली. अनेकांना हातगाडी, टपरी आणि हुन्नर यांचा आसरा घ्यावा लागला. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, कुरेशी, मोमीन, शिकलगार, पिंजारी यांचे पेशे तर पिढीजातच होते.

न्या. राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये दिलेल्या अहवालाने या अनुभवाला देशभराचे आकडे दिले. शहरांतील मुस्लिम कामकऱ्यांपैकी ५७ टक्के स्वयंरोजगारावर होते. हिंदूंमध्ये हे प्रमाण ४३ टक्के होते. म्हणजे आपण इतरांहून अधिक प्रमाणात स्वतःच्या हिंमतीवर जगणारे. मात्र बँकांच्या अग्रक्रम कर्जात खात्यांच्या संख्येत मुसलमानांचा हिस्सा सुमारे १२ टक्के असला, तरी रकमेत तो ५ टक्क्यांहून कमी निघाला. खाते होते, पण भांडवल नव्हते. पुढे केंद्र सरकारने देशातील ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले, त्यात आपला परभणी जिल्हाही होता. मागासपणावर सरकारी शिक्का बसला. तो पुसण्याचे काम सरकारचे आहे तितकेच आपलेही आहे.

यात केवळ एका समाजाचे नुकसान आहे असे समजू नये. ज्या फिटरला लेथ यंत्र घ्यायला पैसा मिळत नाही, त्याच्यामुळे जिनिंगवाल्याला सुट्या भागासाठी दूरच्या शहराकडे धाव घ्यावी लागते. कारागीर रिकामा बसला की त्याची उधारी किराणा दुकानदाराच्या वहीत साचते. देशाच्या उत्पन्नात जी तूट येते ती अशीच गल्लीगल्लीतून येते.

पिंजाऱ्याची गोष्ट

पिंजारी बांधवांचेच पाहा. कमान खांद्यावर टाकून, तातीचा आवाज करीत ते गावोगाव फिरत. गादी, रजई, उशी भरून देत. मग पिंजण्याचे यंत्र आले आणि एका यंत्राने दहा कमानी बसवल्या. त्यानंतर फोम आणि काथ्याच्या तयार गाद्या आल्या. हा घाव शेजारच्या दुकानदाराने घातलेला नाही. दूरच्या कारखान्याने आणि बदललेल्या आवडीने घातलेला आहे. ज्या घरांनी यंत्र वेळीच घेतले, गादीबरोबर सोफ्याचे काम आणि पडदे-खोळी शिवणे सुरू केले, ती टिकून राहिली. ज्यांनी बाजाराला नुसता दोष दिला, त्यांची मुले आज दुसऱ्याच्या गाडीवर मजूर आहेत.

सरकारकडे पाहिले तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पेशे आहेत. सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, गवंडी, शिंपी यांची नावे त्यात आहेत. पिंजाऱ्याचे नाव नाही. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याने ही गोष्ट लोकप्रतिनिधींच्या कानावर घातली पाहिजे. आणि ती एकट्या पिंजाऱ्याने नव्हे, शेतकरी आणि जिनिंगवाल्यानेही घालावी.

करण्यासारखे काय आहे?

१) वही ठेवा. रोजची विक्री, उधारी आणि घरखर्च वेगळा लिहा. ज्याच्याकडे वही नाही त्याला बँकही उभे करीत नाही आणि भागीदारही.

२) उद्यम नोंदणी करून घ्या. ती मोफत आहे. दलालाला पैसे देऊ नका.

३) व्याजाचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. ज्याने त्याने तो आपल्या विवेकाने सोडवावा. पण विश्वकर्मा योजनेतील प्रशिक्षण आणि अवजारांसाठी मिळणारी १५,००० रुपयांपर्यंतची मदत यांत व्याजाचा संबंध नाही. कर्ज नको म्हणून तेही सोडणारे आहेत. ज्यांना व्याज नको त्यांनी नफ्या-तोट्याच्या भागीदारीचा मार्ग धरावा. मात्र तीही लेखी करावी. तोंडी भागीदारीने भाऊ भावाचा वैरी झाल्याची उदाहरणे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

४) एकत्र खरेदी करा. पाच शिंपी मिळून कापडाचा गठ्ठा आणतील तर तो स्वस्त पडेल. या पाचांत एखादा नामदेव शिंपी असला तर अधिक चांगले. पेशा एक आहे तेथे संघटनाही एक असावी.

५) परभणीचे कृषी विद्यापीठ आपल्या दारात आहे. ‘परभणी क्रांती’ भेंडी तेथूनच देशभर गेली. भाजी विकणाऱ्या किती बागवानांनी त्या फाटकातून आत पाऊल टाकले आहे? फळे टिकवणे, वाळवणे, प्रतवारी करणे ही विद्या शिकण्यासारखी आहे.

६) मुलींना हिशेब आणि संगणक शिकवा. घरात बसून शिवण करणाऱ्या भगिनीला तिच्या कामाचा खरा भाव कळला तर अर्धी लढाई जिंकली.

शेवटी एवढेच

दर वर्षी फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात दुकाने लागतात. तेथे खेळणीवाला, मिठाईवाला, भांडीवाला, पाळणेवाला शेजारी शेजारी बसतात. गिऱ्हाईक माल पाहतो, भाव पाहतो, वजन पाहतो. नाव विचारून कोणी जिलेबी घेत नाही. ज्याची जिलेबी कुरकुरीत त्याच्यापुढे गर्दी होते, आणि त्या गर्दीतूनच शेजारच्या बांगडीवाल्यालाही गिऱ्हाईक मिळते.

बाजाराचा हा साधा न्याय वर्षाचे बाराही महिने चालला पाहिजे. स्पर्धा जरूर करा, पण ती माल, वजन, वेळ आणि जबान यांत करा. समोरच्या दुकानाला कुलूप लागावे म्हणून दुआ मागणाऱ्याची गल्ली ओस पडते. दोन्ही दुकाने चालली तर गल्लीला बाजार म्हणतात, आणि असे बाजार मिळूनच देश उभा राहतो.